ह्या जहाजात लंगर कुठाय?

“सगळं ब्येस हाय पोरी, पण ह्या तुझ्या जहाजात लंगर कुठाय?”

सुभेदार आबांनी हा प्रश्न टाकला आणि दोन तास तापलेला वाद एकदम गार पडला. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका माडीवर आम्ही दहाबारा जण महिन्यातून एकदा जमतो. कुणीतरी स्वतःचं लिखाण वाचतं, बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात, मग चहा आणि भडंग. या वेळी वाचत होती सव्वीस वर्षांची एक मुलगी, उद्यमनगरातल्या कारखान्यात नोकरी करणारी इंजिनिअर. तिच्या कादंबरीत मंगळाच्या वाटेवर निघालेलं लष्करी जहाज आहे, त्यावर सिग्नलची, म्हणजे लष्करी संदेशवहनाची, एक नायब सुभेदार आहे, आणि खाली शिरोळ तालुक्यात माती तपासायची प्रयोगशाळा चालवणारा तिचा नवरा आहे. जहाजावर पंचवीस माणसं. लढाई होणार आहे, पण कधी आणि कुणाशी हे पहिल्या दोनशे पानांत कळत नाही.

निवृत्त प्राध्यापक म्हणाले, आधी ठरव, विज्ञानकथा लिहितेस, युद्धकथा की प्रेमकथा. कुणीतरी “मिसळ केलीय की सगळी” म्हणालं. कोल्हापुरात बसून मिसळ हा शब्द शिवीसारखा वापरायला धाडस लागतं, पण असो. तिसऱ्या बाई मात्र गंभीर होत्या. “सैन्य तिथंपण न्यायचं? आकाश तरी सोडा,” त्या म्हणाल्या. आणि मग आबांनी लंगराचं काढलं. लंगर म्हणजे फौजेतला भटारखाना. पंचवीस माणसं अडीच-तीन वर्षं चालली आहेत, पानोपानी तोफा आणि यंत्रं आहेत, पण कोण काय शिजवतं, पीठ कुठून येतं, याचा पत्ता नाही. आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून पेन्शनवर आलेले. त्यांनी दोनशे पानं ऐकून घेतली आणि त्यांना पहिली भूक लागली.

या कादंबरीची बाजू मला घ्यायची आहे. ती चांगली जमली आहे म्हणून नव्हे, अजून पुष्कळ कच्ची आहे. पण अशी कादंबरी मराठीत असायलाच हवी, आणि ती कोल्हापूरसारख्या जिल्ह्यातूनच यायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

आकाश सोडा म्हणणाऱ्या बाईंचा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, पण तो उशिरा आला. २७ मार्च २०१९ रोजी भारतानं आपलाच एक उपग्रह सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्रानं फोडून दाखवला. त्याच वर्षी अवकाशासाठी तिन्ही दलांची मिळून एक लष्करी संस्थाही उभी राहिली. १९८४ साली वर गेलेले राकेश शर्मा हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर. २०२५ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेलेले शुभांशू शुक्ला हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन. गगनयानासाठी ज्या चौघांची नावं २०२४ मध्ये जाहीर झाली, ते चौघेही हवाई दलाचे वैमानिक. ही माणसं काही लढायला गेली नाहीत किंवा जाणार नाहीत, हे खरं. पण आपल्या देशानं प्रत्यक्ष वर पाठवलेला माणूस आतापर्यंत पगार फौजेचाच घेणारा आहे. १९६७ चा आंतरराष्ट्रीय अवकाश करार अण्वस्त्रं आणि सामूहिक संहाराची शस्त्रं कक्षेत ठेवू देत नाही. कक्षेतल्या साध्या शस्त्रांबद्दल तो तितका स्पष्ट बोलत नाही. तेव्हा सैन्य तिथं न्यायचं का, हा प्रश्न आता कादंबरीकाराला विचारून काय उपयोग? कादंबरीकारानं तो आपल्याला विचारायचा आहे.

२०१९ च्या त्या दिवशी मराठीत काय लिहिलं गेलं ते आठवून बघा. बातमी, अभिनंदन, मोबाईलवर तिरंगा, आणि संध्याकाळपर्यंत निवडणुकीची चर्चा. बटण दाबणाऱ्याच्या घरी त्या दिवशी काय बोलणं झालं असेल? हुकूम चुकीचा वाटला तर दूर अंतरावरचा शिपाई कुणाला विचारणार? उपग्रह गेल्यावर कुठल्या बंदरातली होडी वाट चुकेल? बातमीला एवढी जागा नसते आणि संपादकीयाला माणसं नसतात. हे काम कादंबरीचं आहे, आणि त्यातही अशा कादंबरीचं जिच्यात शस्त्रांपेक्षा माणसं जास्त आहेत.

कोल्हापूरकरांना लढाई नको आहे असं म्हणणं तर ढोंगच होईल. आपल्याला ती जुनी झालेली आवडते. शिवजयंतीला मर्दानी खेळांच्या पट्ट्यांपुढे गर्दी मावत नाही. पन्हाळ्यावर गेलं की सिद्दी जौहरचा १६६० चा वेढा पोरं तोंडपाठ सांगतात, आणि शिवा काशिदांच्या पुतळ्यापाशी फोटो काढतात. महाराजांचा वेष घालून शत्रूच्या गोटात गेलेला हा माणूस. त्याच्या घरी त्या रात्री कोण जागं होतं, हे आपण विचारत नाही. आपल्या पोवाड्यात तेवढी सवड नसते. आणि गंमत बघा, त्याच पन्हाळ्यावर आज शिवाजी विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र आहे. इकडे सागरमाळावर विद्यापीठाच्या आवारात भूचुंबकत्व संस्थेचा रडार बसवलेला आहे. साठ ते शंभर किलोमीटर उंचीवरचे वारे तो मोजत आला आहे. ते वारे विमानाच्या फार वर आणि उपग्रहाच्या फार खाली. म्हणजे वेढा आणि आकाश, दोन्ही आपल्या जिल्ह्यात एकाच घाटाच्या अंतरावर आहेत. एकावर आपण शेकडो पुस्तकं लिहिली. दुसऱ्यावरची कादंबरी मी तरी वाचलेली नाही.

लढाई आणि प्रेम एका पुस्तकात मराठी वाचकाला चालत नाही, हे प्राध्यापकांना कुणी सांगितलं देव जाणे. आपल्याच जिल्ह्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची. त्यात मोहिमा आहेत, दरबार आहे, आणि माधवराव-रमाबाई आहेत. वाचकाला पानिपतानंतरचं राजकारण किती कळलं कुणास ठाऊक, पण रमाबाई कळल्या. ती लष्करी, व्यक्तिप्रधान आणि प्रेमाची कादंबरीच आहे, तोंड फक्त मागं केलेली. आणखी मागं जायचं तर शाहीर प्रभाकर पोवाडेही रचत होता आणि लावण्याही. एकाच शाहिराच्या कवनात मराठ्यांच्या फौजा चालल्या आहेत आणि घरातली बाई मोहिमेवर गेलेल्या धन्याची वाट बघत झुरते आहे. पेशवाईतल्या विरहाच्या लावण्या हवेतून आलेल्या नाहीत. दसरा झाला की पुरुष निघायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायचे, नाहीतर परतायचेच नाहीत. लावणी ही मोहिमेची मागची बाजू होती. आपण नंतर दोघींना वेगवेगळ्या फडांवर बसवलं आणि आता म्हणतो, यांचं जमत नाही.

इथं माझ्या घरातलं सांगते, कारण मला हा विषय पुस्तकातून कळलेला नाही.

माझे वडील सिग्नलमध्ये नाईक होते. आमचं गाव सैनिक टाकळीपासून फार लांब नाही. त्या बाजूला घराच्या भिंतीवर देवांच्या रांगेत एकतरी गणवेशातला फोटो असतोच. वडील तेव्हा अरुणाचलात होते, पत्ता केअर ऑफ ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं टपालघर. पत्र जायला दहाबारा दिवस, यायला दहाबारा. आई प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात नंबर घालायची, पत्र नं. १४, पत्र नं. १५. कारण पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडायची. १४ व्या पत्रात ती रागावलेली असायची, १५ व्यात राग गेलेला असायचा, आणि वडिलांचं जे उत्तर हातात पडायचं ते १३ व्याचं. महिनाभर कोण कुणावर कशासाठी रुसलंय याचा मेळ लागत नसे. नंबर नसते तर संसार मोडला असता, असं ती अजून म्हणते.

त्यात आणखी एक अडचण. आलेलं पत्र आधी आजोबा वाचायचे आणि जाणारं पत्र त्यांच्यासमोर लिहावं लागायचं. तिकडून येणाऱ्या पत्रावर लष्कराची नजर असायची ती वेगळीच. म्हणून दोघांनी खुणा ठरवल्या होत्या. “म्हैस दूध देईना” म्हणजे मी रुसले आहे. एकदा तिनं तसं लिहिलं आणि पंचवीस दिवसांनी उत्तर आलं, “तिला सरकी पेंड घालत जा, आणि दादांना सांगून डॉक्टरला दाखव.” वडील खूण विसरले होते की चेष्टा करत होते, हे आईला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की वडील नुसते हसायचे. ते गेले, आणि तेवढं एक पत्र अनुत्तरित राहिलं.

आता हेच मंगळावर न्या. पृथ्वी आणि मंगळ जवळ येतात तेव्हा त्यांच्यात साधारण साडेपाच कोटी किलोमीटर अंतर असतं, लांब जातात तेव्हा चाळीस कोटी. प्रकाशाला आणि रेडिओच्या लहरींनाही तेवढं जायला तीन ते बावीस मिनिटं लागतात, आणि हे एका बाजूचं. ग्रह लांब असले तर “कशी आहेस?” विचारल्यावर “बरी आहे” ऐकायला पाऊण तास. बोलणं होतच नाही, पत्रंच होतात. कितीही यंत्रं सुधारा, ही मिनिटं कमी होणार नाहीत, तो निसर्गाचाच नियम आहे. त्यात अधूनमधून सूर्य दोघांच्या मधे येतो. जून २०१५ मध्ये तो असा आड आला तेव्हा आपलं मंगळयान सुमारे पंधरा दिवस आपल्या बळावर होतं. त्या पंधरा दिवसांत जहाजावर हुकूम पोचणार नाही, घरचा निरोपही पोचणार नाही. म्हणजे कमांडर आणि नवरा एकाच दिवशी मुके होतात. लष्करी कादंबरी आणि प्रेमकादंबरी वेगळ्या करून दाखवा इथं.

हे मी वाचनात सांगितलं तर आबांनी लगेच पुढचं विचारलं. “आन रजा?” त्या मुलीनं समजावलं की पृथ्वीवरून मंगळाकडे निघायला सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदा येते. यायचं असेल तरी ग्रहांचा मेळ बसेपर्यंत थांबावं लागतं. आबांनी बोटांवर मोजलं. त्यांच्या वेळी वर्षाला दोन महिन्यांची रजा असायची आणि ती पेरणीला घ्यायची का लग्नाला यावर पलटणीत भांडणं व्हायची. “म्हंजे रजा ग्रहांनी मंजूर करायची,” ते म्हणाले. माडीवर सगळे हसले. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. खगोलशास्त्राचा एक आख्खा धडा त्यात आहे, आणि नायिकेच्या आईचं आजारपणही.

प्राध्यापकांना वाटतं की प्रेम आलं की विज्ञान पातळ होतं. ही समजूत आपल्या विज्ञानकथेच्या इतिहासातून आलेली आहे, आणि त्या इतिहासाबद्दल मला आदर ठेवून तक्रार करायची आहे. जयंत नारळीकर मूळचे याच गावचे, १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. नावाकडे न बघता परीक्षकांनी पहिलं बक्षीस दिलं. जगातला मोठा शास्त्रज्ञ मराठीत गोष्ट लिहितो, याचा आधार दोन पिढ्यांना मिळाला. त्यांच्यामागून जे लिहिते झाले त्यातले बरेच विज्ञानातलेच होते. त्यांना एखादी कल्पना समजावून द्यायची असायची, आणि ती त्यांनी फार चांगली दिली. पण समजावणं हाच विज्ञानकथेचा धर्म ठरला. दिवाळी अंकाची आठदहा पानं, एक कल्पना, एक शास्त्रज्ञ, त्याला प्रश्न विचारणारा एक मित्र, आणि शेवटी धक्का. पात्रांना घर नसायचं. असलं तर बायको चहा आणून ठेवायची आणि आत जायची.

माणूस उभा करायला लांबी लागते. ज्याला रोज पहाटे हजेरीला उभं राहावं लागतं, ज्याची बढती अडकली आहे, ज्याच्या भावानं वाटणीत ओढ्याकाठचा तुकडा लाटला आहे, असा माणूस आठ पानांत मंगळावर पोचत नाही. आणि मराठीत फौजेतली माणसं लिहिणारेही थोडे. आहेत ती बहुतेक अधिकाऱ्यांची आत्मचरित्रं. हवालदार लिहीत नाही. तो संध्याकाळी पारावर सांगतो, आणि त्याच्याबरोबर ते जातं.

त्या मुलीच्या कादंबरीवर माझा सगळ्यात मोठा राग भाषेचा आहे. तिची नायब सुभेदार बोलते, “आपल्या अंतराळयानाच्या गतीमध्ये लक्षणीय घट झाली आहे.” अशी कुठली सुभेदार बोलते? आमच्या भागातला फौजी एक तिसरीच भाषा बोलतो, घरची मराठी, बरॅकीतली हिंदी आणि हुकमाची इंग्रजी मिसळून शिजवलेली. नफरी किती, कोतातून हत्यार काढलं का, पिट्टू बांध, डांगरी घाल, रगडा लागला. आबांनी सांगितलं की लग्न झालं, मूल झालं तरी फौजेच्या लेखी ते झालेलं नसतं, जोवर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली नोंद, पडत नाही. कागद निघाला की बायको बायको. नसला तर तिला ना क्वार्टर, ना कॅन्टीन, ना पुढं पेन्शन. “माझी पोरगी आठ महिन्यांची झाली तवा सरकारनं ती जन्मल्याचं मान्य केलं,” ते म्हणाले. प्रेमाच्या कादंबरीला याहून चांगला खलनायक मला सुचत नाही. जहाजावर दोघांचं जमलं आणि कागद पृथ्वीवर अडकला, तर? तो अडकवणारा कारकून तिला लिहायला हवा. नुसते चुंबनाचे प्रसंग तिनं कुठूनतरी उसने आणले आहेत, ते काढून टाकले तरी चालतील.

कल्पनेतली लढाई म्हणजे रिकामटेकडेपणा, असंही एकानं सुचवलं. त्यांना मी जनरल थोरातांची आठवण करून दिली. निवृत्तीनंतर इथं कोल्हापुरात राहिलेले लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात १९६० साली लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख होते. त्यांनी लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेतला. चीन ईशान्येकडून उतरला तर काय होईल, आपल्याकडे काय कमी पडेल, हे नकाशावर मांडून दाखवलं. ती एका अर्थानं भविष्यकथाच होती, फक्त तिच्यात पात्रांच्या जागी पलटणी होत्या. कुणी मनावर घेतलं नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात पुष्कळसं तसंच घडलं, आणि थंडीचे कपडे नसलेली पोरं वर होती. बूट आणि स्वेटर किती लागतील ही कल्पना करणं रिकामटेकडेपणा नव्हता. ती गोष्ट सैन्याबाहेर, लोकांच्या भाषेत, माणसांच्या नावानं कुणी सांगितली असती तर काही फरक पडला असता का? पडला असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण निदान त्या पोरांच्या घरच्यांना प्रश्न विचारता आले असते.

धोका मला दिसत नाही असं नाही. ही कादंबरी चुकीच्या हातात गेली तर तिची घोषणा व्हायला वेळ लागणार नाही. शत्रूला तोंड नाही, आपला शिपाई मरतो तेव्हा झेंडा फडकतो, आणि त्याची बायको अभिमानानं डोळे पुसते. परदेशातही या जातीची किती पुस्तकं शस्त्रांची यादी होऊन बसली आहेत. यावर माझ्याकडे एकच उतारा आहे, तो म्हणजे मातीची प्रयोगशाळा चालवणारा तो नवरा. वाट बघणारं माणूस पुस्तकात खरं उतरलं की मरण स्वस्त करता येत नाही. म्हणून प्रेमाचा भाग कापा म्हणणाऱ्यांच्या मी विरोधात आहे. कापायचाच असेल तर सातव्या प्रकरणातल्या तोफांचा कापा, तिथं तीन जण झोपले होते.

सार्वजनिक वाचनालयांना आणि विद्यापीठातल्या मराठीच्या लोकांना मात्र एक विनंती. अशी पुस्तकं आली की त्यांना बालवाङ्मयाशेजारच्या कपाटात ढकलू नका. आमच्याकडच्या एका वाचनालयात विज्ञानकथा ‘किशोर व इतर’ अशा पाटीखाली लावलेल्या आहेत. मी ग्रंथपालांना विचारलं, तर म्हणाले, “मॅडम, मोठी माणसं मागत नाहीत.” मोठ्यांना ते कपाट दिसेल तर मागतील ना.

वाचन संपल्यावर माडीवर आबा आणि ती मुलगी दोघंच बसून राहिली. मी कप विसळून आले तर आबांनी तिच्या हस्तलिखिताचं मागचं कोरं पान पुढं ओढलं होतं आणि पेननं हिशोब मांडत होते. पंचवीस माणसं, तीस महिने. आटा, तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहापत्ती. प्रत्येकापुढे ते माणशी रोजचं वजन लिहीत होते आणि ती मोबाईलवर गुणाकार करून किलोत सांगत होती. डाळीपाशी तिचे डोळे मोठे झाले. तिनं जहाजाचं वजन ठरवलं होतं त्यात हे बसत नव्हतं.

“मग मानसं कमी कर,” आबा म्हणाले, “न्हायतर जहाज वाढीव. आन मीठ राहिलंय, लिही.”